तळहाताआडचं वाक्य

माझी धाकटी उद्या सकाळी दिग्दर्शकाला नाही म्हणणार आहे, आणि तिला हो म्हणायचंय. हे मला ठाऊक आहे. पण घरच्या नियमाप्रमाणे ते मला ठाऊक असता कामा नये. झोप येणार कुठून?

आधी नियम सांगते. शाळेत पहिलं नाटक केलं तेव्हा तिला कळलं, की पात्राने तोंडाशी तळहात आडवा धरून प्रेक्षकांना काही सांगितलं, तर शेजारी उभ्या पात्राला ते ऐकू येत नाही. स्वगत म्हणतात याला. ही सोय तिला इतकी आवडली, की ती घरीच घेऊन आली. एकदा तिची आत्या जेवायला आली होती. भाजी चाखून आत्याने तोंड वाकडं केलं. धाकटीने हात आडवा धरला आणि भिंतीला सांगितलं, "नावं ठेवेल आणि तीनदा वाढून घेईल."

"अगं, मला ऐकू येतंय!"

"नाही येत, आत्या. नियम आहे."

आमचे हे म्हणाले, "मी तर लग्न झाल्यापासून हिचं स्वगत नसलेलंही ऐकत नाही." आत्या हसत सुटली आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेव्हापासून हात आडवा धरून बोललेलं कुणी ऐकायचं नाही, त्यावर रागवायचं नाही, नंतर विषय काढायचा नाही. गणितात तिने गटांगळी खाल्ली, तेही मला असंच कळलं. मी काही ऐकलं नाही. फक्त त्या दिवशी तिला भांडी घासायला लावली नाहीत.

आता ती वेगळी राहते, दिवसा चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवते आणि संध्याकाळी एका छोट्या नाटक मंडळीत मोलकरीण होते. प्रहसनातली मोलकरीण! चार दारं, भलत्याच खोलीत शिरणारी माणसं, आणि कपबशांचा ट्रे घेऊन नेमक्या नको त्या दारातून येणारी ही. कपबशा ट्रेला चिकटवलेल्या असतात, एक सोडून. ती सुटी कपबशी रोज पडून फुटते. एका दारातून जाऊन दुसऱ्यातून यायला पडद्यामागून धावावं लागतं. तिथे दारांच्या चौकटी हलू नयेत म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्यांना अडखळून गुडघे सोलवटतात. मी मलम पाठवत असते. "आई, लोक इतके हसतात, की लागलेलं कळतच नाही," म्हणते. खरंच हसतात. हल्ली ती नुसती दारात दिसली तरी हशा पिकतो.

तिथेच घोडं पेंड खातंय. मंडळी या वेळी जुन्या ग्रीक धर्तीची शोकांतिका करतेय, आणि राणीचं काम हिला देऊ केलंय. अशा नाटकात मरण प्रेक्षकांसमोर दाखवत नाहीत, कुणीतरी येऊन सांगतं. इथे राणी स्वतः येऊन आपला मुलगा गेल्याचं सांगते. येते कुठून? दारातून.

संध्याकाळी तालमीला निघताना तिचा फोन आला. "उद्या नाही सांगून टाकते. आपला ट्रे बरा. राणीला एक कपबशी फोडायला मिळत नाही!" मी हसले. मग तिचा आवाज जरा लांब गेला, तोंडाआड हात आल्यासारखा. "सगळी वाक्यं पाठ झालीत माझी. पण मी दारात आले आणि लोक हसले तर?" लगेच पुन्हा मोठ्याने, "बरं, तू जेवलीस का?"

"जेवले," म्हटलं. नियम पाळला.

यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला ऐकूच आलं नाही, तर काळजी कसली करतेस?" आणि कूस बदलून झोपले.

पण नियमाचा अर्धा भाग आम्ही सोयीस्करपणे विसरलो. स्वगत शेजारच्या पात्राला ऐकू येत नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला मात्र लख्ख ऐकू येतं. त्याच्यासाठीच तर ते असतं. आणि तिच्या प्रत्येक नाटकाला शेवटच्या रांगेत मीच बसलेली असते.

तालमीहून ती एवढ्यात घरी पोचली असेल. आधी गुडघ्यांचं विचारीन. मग तोंडाशी हात धरून म्हणेन, "हसू देत की! तू पहिलं वाक्य बोलेपर्यंतच हसतील." तिने न ऐकल्यासारखं केलं तरी चालेल, नियमच आहे तसा.

लावतेच फोन.