फणसाच्या फळ्या वाळेपर्यंत

वादळानं दिवेआगरला आमच्या वाडीतला फणस आडवा केला, तेव्हा नाना सुतारांची आणि आमची ओळख झाली. माणगावहून ते पडलेल्या झाडांचं लाकूड बघायला आले होते. माझ्या सासूबाईंनी नवी नवरी असताना लावलेला तो फणस. त्या म्हणाल्या, "ह्याचा झोपाळा करा. मला बसायचंय त्याच्यावर."

"करू आजी. पण ओलं हाय. वाळू दे."

नानांनी फळ्या कापून घेतल्या, आपल्या पडवीत सावलीला रचल्या आणि खुशाल गप्प बसले! पावसाळे गेले, सासूबाई थकत चालल्या. मी मुळातच उतावळी. माणगावला जाऊन त्यांना चांगलंच सुनावलं, "त्या गेल्यावर झोपाळ्यावर काय फोटो बसवू?" नानांनी शांतपणे चहा पुढे केला. "वहिनी, घाई केली तर आजी बसल्या असतानाच फळी तडकंल. ते मला चालायचं न्हाय." रागानं मी तो चहा अर्धाच प्यायले.

अखेर झोपाळा आला. हळदीसारखं पिवळं लाकूड, कुठे खिळा नाही, सांध्यावर बोट फिरवलं तरी सांधा लागेना. कुणाला न दिसणारी खालची बाजूसुद्धा नानांनी रंधा मारून गुळगुळीत केली होती. सासूबाईंनी पायानं हलकेच रेटा दिला. "कुरकुरत नाही हो, नाना!" पुढे एका दुपारी ह्याच झोपाळ्यावर त्या सुखानं गेल्या. झोपाळा आता तांबूस झालाय, अधिकच देखणा दिसतो. नाना अजूनही गणपतीआधी न बोलावता येतात, कड्या तपासतात आणि घावन खाऊन जातात.

यंदा मात्र नाना आजारी पडले. हत्यारं पुसून पेटीत ठेवली, असं कळलं. दुसऱ्या फणसाची मोठी फांदी मोडली होती, ती टेम्पोत घालून मी थेट त्यांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "लेकीला दिवस गेलेत. पाळणा हवाय."

"बारशाला न्हाय व्हायचा."

"बारसं उसन्या पाळण्यात करू. हा पुढच्या नातवंडाला."

नानांनी फांदीवरून हात फिरवला. "वाळेपर्यंत मी असंन का, वहिनी?"

"माझ्या सासूबाई तुमच्यासाठी थांबल्या ना? आता तुम्ही थांबायचं!"

परवा कळलं, फळ्या सावलीला रचल्यात. नाना, आज तुम्हाला पंचाहत्तरीच्या मनापासून शुभेच्छा. औषधं वेळेवर घ्या, भरपूर जगा. लाकूड सावकाश वाळू दे. ह्या खेपेला मला अजिबात घाई नाही.