उजव्या हाताचं मशीन

मी काही लिहावं एवढी माझी पात्रता आहे का, मला ठाऊक नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते फक्त परीक्षेत. शिवाय हे घरातलं आहे, आणि घरातलं बाहेर सांगू नये असंच मला शिकवलेलं. पण एक गोष्ट मी जाणूनबुजून केली. ती कुणाला तरी सांगायला हवी.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. बाबा पावसाळ्यात आमचं थोडं भात आणि नागली करतात, उरलेलं वर्ष डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी. त्यांचा उजवा हात आम्ही सगळे ओळखून होतो. दारातून येताना तो मोकळा आहे की मूठ वळलेली, यावरून मी आणि धाकटी बहीण ठरवायचो, आत थांबायचं की मागच्या दाराने पळायचं. आईला पळता यायचं नाही. तिचा पुढचा दात आणि डाव्या कानाने ऐकू येणं, दोन्ही त्याच हाताने गेलं.

होळीला आशागडहून मामा आला होता. बाबांनी त्याच्यादेखत आईला केसांना धरून चुलीपर्यंत ओढलं. मामाने कोपऱ्यातला कुऱ्हाडीचा दांडा उचलला. एकाच फटक्यात बाबांच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाबा खाली पडले तरी मामा मारायचा थांबेना. शेवटी आईच मामाच्या मनगटाला चावली, तेव्हा दांडा सुटला.

हाड जुळलं, पण मनगट गळालं. हात पुढे केला की पंजा मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा लोंबायचा. डहाणूच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, नस दबली आहे, तुटलेली नाही. ती भरून येईपर्यंत स्नायू वाळू नयेत म्हणून रोज विजेचे सौम्य झटके द्यायचे. त्यांनी साबणाच्या वडीएवढं एक मशीन घरी वापरायला दिलं आणि विचारलं, "घरात नीट वाचता कुणाला येतं?" मी वर्गात करतो तसा हात वर केला.

सुट्टी लागली होती, म्हणून ते काम माझं झालं. हात साबणाने धुवायचा, कोरडा करायचा. तेल लावायचं नाही, नाहीतर चिकट पट्ट्या धरत नाहीत. दोन पट्ट्या कोपराखाली मागच्या बाजूला चिकटवायच्या, बटण शून्यावरून हळूहळू वाढवायचं, मनगट उडालं की तिथेच थांबायचं. बंद केल्याशिवाय पट्टी काढायची नाही. पट्टी काढताना वायरला ओढायचं नाही, कड धरून सोलायची, आणि परत प्लॅस्टिकच्या कागदावर लावून ठेवायची.

बाबांना हे पटेना. आमच्याकडे दुखणं हटलं नाही तर तापलेल्या विळ्याने डाग देतात. बाबांच्या पोटावर, पाठीवर तसे किती डाग आहेत. "हा कसला डाग? मुंगी चावते," ते म्हणाले. एकदा मी पाणी आणायला गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि दात आवळून तसेच बसून राहिले. एका पट्टीची कड सुटलेली होती. परत आलो तर तिच्याखाली कातडी भाजून फोड आला होता. "आता लागला डाग," ते खूश होऊन म्हणाले.

आई म्हणाली, "मॅडमनी नाय सांगितलंय तसं."

बाबांनी सोललेल्या पट्ट्या तिच्या दंडावर थापल्या, गुडघ्याने तिला भिंतीशी दाबलं आणि बटण फिरवलं. तिची बोटं आपोआप वळली. "बघ, माझं काय होतंय ते बघ!" ते ओरडत होते. मी वायर उपटली. डाव्या हाताची थप्पड मला लागली, पण ती नेम नसलेली, हलकी होती. उजव्याची असती तर मी पडलो असतो.

तेव्हाच माझ्या मनात ते आलं. फोड बरा झाल्यावर मी मशीनमधले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले आणि घड्याळातले जुने सेल मशीनमध्ये. मशीनचा दिवा मिणमिणता लागायचा, हात हलायचा नाही. बाबांनी विचारलं तर सांगायचो, नस अजून झोपलेली आहे. रोज सकाळी मी पट्ट्या मात्र अगदी नीट लावायचो. दोन आठवडे मी असं केलं. बाबांचा हात कोपराखाली बारीक होत गेला आणि मला त्याचं बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आईला ते घड्याळामुळे कळलं. एरवी मागे पडणारं ते घड्याळ अचानक बरोबर चालायला लागलं होतं. तिने मला विहिरीकडे नेलं.

"सेल तू बदललेस?"

मी हो म्हटलं.

"येडा हायस. मारायला त्याला डावा पण पुरतो. शिकेल तो," ती म्हणाली. "जेवायला उजवा लागतो. चड्डीची नाडी बांधायला लागतो. ते सगळं आता कोण करतं?"

"तू."

"मग? मला असंच बांधून ठेवतोस काय?"

मला तेव्हा पुरतं कळलं नाही. तिने स्वतः घड्याळातले सेल काढून मशीनमध्ये घातले. त्या दिवशी बाबांचं मनगट उडालं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा मी डहाणूच्या हॉस्टेलला आलो. त्याआधी आईला आणि बहिणीला सगळं शिकवलं. पट्ट्या झिजल्या की मॅडमकडून नव्या घेऊन शनिवारी घरी न्यायचो. बोटं हलली, मग मनगट थोडं उचलायला लागलं. भातकापणीला बाबांनी विळा धरला, असं बहिणीने फोनवर सांगितलं. पुढचं सांगायला तिला बरेच दिवस लागले; परीक्षेमुळे मीही शनिवारी घरी जात नव्हतो. रोज फोन करायची आणि अभ्यासाचं विचारून ठेवून द्यायची. काल दुपारी शेवटी तिने सांगितलं.

"भाताची झोडणी संपली त्या दिवशी बाबाने आईला मारलं. उजव्या हाताने."

"लागलं तिला?"

"ओठ फाटला. खाली पडली. मग उठली आणि म्हणाली, 'झाला बरा.' दुसऱ्या दिवशी मला घेऊन आशागडला निघाली. आम्ही मामाकडेच आहोत रे. परत जायचं नाय म्हणते."

"आणि बाबा?"

"निघालो तेव्हा चुलीपुढे बसला होता. भाकर थापत होता. मशीन आईने आणलंय. पुसून, सेल काढून ठेवलंय. मॅडमना परत द्यायला तू ये, म्हणते."