मोएलागीची बारा मिनिटं

मोएलागी सफोतू या बेटावरच्या गावच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवत होती. गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी मुलांकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचं खूळ तिचंच. वर्गात फोन आणले म्हणून पाद्रीबाबांनी डोळे वटारले, तेव्हा तिने त्यांना त्यांच्याच आईचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः चार्जर घेऊन हजर!

अशा बाईला राजधानी आपियात व्याख्यानाचं बोलावणं आलं. पत्रकावर विषय छापले होते: ओळख, शिकणं आणि फोन. संयोजक जेरेमाया. ऑकलंडला वाढलेला, बोलताना दोन्ही हातांनी हवा कापणारा.

"आजी, एकदम आतून यायला हवं, ओके? आधी अपयश, मग अश्रू, मग आशा. बारा मिनिटं. तेराव्याला कॅमेरा बंद. अर्धवट भाषण आम्ही वेबसाइटवर टाकत नाही."

"आणि सुरुवातीला घ्यायची गावांची मानाची बिरुदं?"

"ती गाळू या ना. त्यातच वेळ जातो."

"समोर बसलेल्यांना मान न देता माझं रडगाणं लावू? तुझ्या आईला सांगून बघ. झाडू घेऊन येईल."

भाषण वेबसाइटवर गेलं, तर परदेशी गेलेल्या नातवंडांपर्यंत सफोतूच्या गोष्टी पोचणार होत्या. मोएलागीला ते हवंच होतं. पण आपल्याच माणसांना ओलांडून नको.

मंचावर उभी राहून तिने एकेका गावाचं बिरुद घ्यायला सुरुवात केली. फालेआलुपोचं नाव येताच तिथले म्हातारे वक्ते रीतीप्रमाणे उत्तराला उठले आणि चांगले ऐसपैस बोलले. समोरच्या घड्याळावरचे लाल आकडे पळत होते. दहा मिनिटं झाली. अकरा झाली. जेरेमायाने आधी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग गळ्यावरून आडवा हात फिरवला.

मोएलागीने थेट त्याच्याच थाटात हवा कापली. "एकदम आतून, ओके? मग हे आतूनच येतंय, बाळा! तुझ्या पत्रकावर पहिला विषय काय छापलाय? ओळख. तीच चाललीये. शिकणं आणि फोन मागून येतात. घाई असेल त्याने घरी जावं."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कोणी उठलं नाही. मोएलागी पुढच्या गावाकडे वळली.

बारा मिनिटं उलटली. जेरेमाया धावत कॅमेऱ्यापाशी गेला. "बंद कर, लगेच!"

कॅमेऱ्यामागच्या पेलेनाताईने पापणीसुद्धा हलवली नाही. "गप रे. अजून माझं गाव यायचंय."