रेहेकुरीच्या गवतात हरवलेली चावी

नगर सोडून बस सोलापूरच्या रस्त्याला लागली तसे डोंगर मागे पडत पडत संपले. चिपळूणच्या माणसाला हे जरा जड जातं. कुठल्या ना कुठल्या बाजूला आभाळ कशावर तरी टेकलेलं असावं असं आपल्याला वाटतं. इथे जानेवारीतली ज्वारी उभी होती, मधून काळी रानं, एखादी बाभळ, आणि बाकी सगळं आभाळच.

माझी मुलगी मुक्ता लग्न होऊन मिरजगावजवळच्या एका वस्तीवर (शेतातल्या घरी) आली, त्याला दोन वर्षं होत आली. या ना त्या कारणाने राहून गेलं आणि मी तिच्या घरी पहिल्यांदाच निघालो होतो. तिच्या आईला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नव्हता. माझ्या पिशवीत आमसुलं आणि कुळथाचं पीठ भरताना ती म्हणाली, "फोनवर रोज बरं आहे म्हणते. खरंच बरं आहे का, तेवढं बघून या."

मिरजगावच्या स्टँडवर मुक्ताचे सासरे, आप्पा, मोटारसायकल घेऊन उभे होते. साठीचा उंच माणूस, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. "या पाव्हणं," म्हणत त्यांनी माझी पिशवी टाकीवर ठेवली, मला मागे बसवलं आणि रानातल्या वाटेने इतकी सावकाश गाडी चालवली, की बाजूने चाललेल्या शेळ्या आमच्यापुढे गेल्या.

जावई घरी नव्हते. ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत आणि उसाचा हंगाम भरात होता. रात्री जेवायला विहीणबाईंनी शेंगोळे केले होते. हुलग्याच्या (म्हणजे आपल्या कुळथाच्या) पिठाची वळलेली कडबोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. कुळथाच्या देशात मी कुळथाचं पीठ घेऊन आलो होतो. विहीणबाई हसल्या आणि पीठ जपून ठेवलं.

मुक्ताने घराच्या बाजूला भाजीच्या रोपांची नर्सरी काढली आहे. संध्याकाळभर तिच्याकडे गिऱ्हाइकं येत होती. मला ती नीट सापडलीच नाही. हात धुताना मी हळूच विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे की," ती म्हणाली.

तो 'की' नवा होता. बाकी काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "चला, तुमाला हरनं दावतो." कर्जतच्या पुढे रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, वस्तीपासून पंचवीसेक किलोमीटर. विहीणबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. फाटकापाशी गाडी लावून, हँडल लॉक करून आप्पांनी चावी माझ्या हातात दिली. "माझा खिसा उसावलाय. तुमच्याकडं असू द्या."

पिवळं पडलेलं गवत कमरेपर्यंत होतं. वाट सोडून आम्ही थोडे आत गेलो आणि आप्पांनी माझा दंड धरला. समोर दहा-बारा माद्या चरत होत्या, मातकट रंगाच्या. त्यांच्या मागे एक नर मान वर करून उभा, पाठ काळीभोर, शिंगं पीळ घातल्यासारखी. मी चष्मा पुसायला खिशातून रुमाल काढला. तेवढ्या हालचालीनेही ते बिचकले. एक मादी उगीच उंच उडाली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळा कळप उड्या घेत गवतात दिसेनासा झाला. कितीतरी वेळ आम्ही दोघे तिकडेच बघत राहिलो.

फाटकापाशी आल्यावर मी खिशात हात घातला. रुमाल होता, चावी नव्हती.

मित्राची गाडी असती तर शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण ही व्याह्यांची गाडी. मुलीच्या सासरी पाऊल टाकून एक दिवस झाला नव्हता. आम्ही परत जाऊन तासभर गवत चाळलं. पायजम्याला कुसळं (गवताच्या कणसांची टोकदार तुसं) टोचत होती. फाटकावरचा राखणदारही शोधायला आला.

"गवत कापल्यावर घावंल," तो म्हणाला.

"कवा कापत्यात?" आप्पांनी विचारलं.

"कापत न्हाईत. हरनं खात्यात."

आप्पा मोठ्याने हसले. मला हसू येईना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, चावीच हाय. माणूस न्हाई हरवलं." मग त्यांनी फोन लावला. "मुक्ता, अगं गाडीची चावी पडली माझ्याकडनं... व्हय, माझ्याकडनंच... न्हाई गं, ते कशाला पाडत्यात, माझ्याकडनं पडली म्हनतो ना."

मी फोन मागायला हात पुढे केला, तर त्यांनी पाठ फिरवली. फोन ठेवून म्हणाले, "दुसरी चावी तिच्याकडंच असती. घरात काय कुठं हाय, ते आता तिलाच इचारावं लागतं. येती म्हनली."

"कशावर येते?"

"शेजारची गाडी घिऊन."

हिवराच्या झाडाखाली आम्ही भाकरी सोडली. माझी चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर का घेतली, हे मी विचारलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "पोरीचा बाप तुमी. पोरीफुडं तुमाला खाली बघाया लागू नये." मग ते ज्वारीवर पाखरं किती पडतात ते सांगत राहिले.

बऱ्याच वेळाने रस्त्यावर एक मोटारसायकल दिसली. अंगात ढगळ शर्ट, तोंडाला रुमाल बांधलेला. कोणीतरी शेतकऱ्याचा मुलगा असावा म्हणून मी नजर काढून घेतली. आप्पा मात्र उठून उभे राहिले.

"आली आपली मुक्ता."

गाडी समोर येऊन थांबली तरी मला पटेना. चिपळूणच्या उतारावर सायकल शिकताना रडून ती घरी पळाली होती. त्यानंतर तिने दोन चाकांचं नाव घेतलं नव्हतं. तोंडावरचा रुमाल सोडत ती खाली उतरली आणि सरळ आप्पांवर घसरली. "कितींदा सांगितलं, चावीला मोठा गोंडा बांधा म्हणून! बाबांना एवढ्या उन्हात बसवलंत. आणि तुमची गोळी? घेतली का?"

"चुकलं बाई," आप्पा मान खाली घालून म्हणाले. "ऱ्हायली गोळी."

घरी ती मला अशीच रागवायची. अगदी याच आवाजात.

मला राहवलं नाही. "अगं मुक्ता, चावी माझ्याकडून पडली."

"माहिती आहे, बाबा. 'माझ्याकडनं पडली' असं आप्पा तीन-तीनदा सांगत होते. एकदाच सांगितलं असतं, तर खरं वाटलं असतं."

परतताना आप्पा त्यांच्या गाडीवर पुढे होते, मी मुक्ताच्या मागे. "नीट धरून बसा," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन्ही बाजूंना ज्वारी, वारा कानात भरलेला. तिला माझा चेहरा दिसत नव्हता आणि मला तिचा. कदाचित म्हणूनच कालचा प्रश्न मला पुन्हा विचारता आला.

या वेळी तिने गाडीचा वेग थोडा कमी केला. मग म्हणाली, "पहिला उन्हाळा फार वाईट गेला, बाबा. पाणी टँकरने यायचं. हे कारखान्यावर. कोणाची ओळख नाही. मी ज्वारीच्या कोठीमागे जाऊन रडायचे."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"आई लगेच निघाली असती. तिचे गुडघे..." ती पुढे म्हणाली, "आप्पांनी एकदा बघितलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी रानात घेऊन आले आणि म्हणाले, बस. आठवडाभर मागे धावत होते. शिकल्यावर दुसरी चावी मला दिली. म्हणाले, जीव लागंना झाला की स्टँडावर जायचं, चिपळूणची बस धरायची. गाडी मी आनीन मागनं."

"गेलीस का कधी?"

"एकदा स्टँडपर्यंत गेले. बस यायची होती. चहा प्यायले आणि परत आले."

मी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही. पुढच्या वळणावर डोळे पुसले.

मिरजगावात चाव्या करणाऱ्याच्या टपरीपाशी आप्पा थांबले होते. आता एकच चावी उरली होती, ती हरवायच्या आत दुसऱ्या काढून घ्यायला हव्या होत्या. यंत्रावर चावी कर्कश कापली जात असताना आम्ही उसाचा रस प्यायलो. आप्पांनी दोन चाव्या करून घेतल्या. आधीची मुक्ताच्या हातात परत दिली, नव्यातली एक आपल्याला ठेवली आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

"ही चिपळूणला असू द्या."

"अहो, मी तिथे काय करू हिचं?"

"हितली हरवली, तर ही न्याया मी यीन. तेवढंच निमित्त. आन तुमी आला, तर गाडी दारात उभीच हाय."

"आप्पा, तुम्ही जाल आणि चावी तिथेच विसराल," मुक्ता म्हणाली.

निघायच्या दिवशी तिनेच मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. बस हलेपर्यंत रोपांच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होती, आणि बस हलल्यावर फोन तसाच कानाला ठेवून तिने दुसरा हात हलवला.

चिपळूणला पोचलो तेव्हा तिची आई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच होती. मी सगळं सांगितलं. हरणं, चावी, आप्पांचं खोटं बोलणं. कोठीमागचं रडणं सांगावं की नाही, याचा विचार मी पुण्यापासून करत आलो होतो. तेही सांगितलं. ती पदराने डोळे टिपत ऐकत होती. ती विचारेल, हे इतके दिवस आपल्याला का कळलं नाही, म्हणून मी उत्तर जुळवत होतो.

तिने मात्र पिशवीतून ज्वारीचं पीठ, विहीणबाईंनी दिलेली चटणी असं एकेक काढायला घेतलं.

"रडायची, ते आता आपल्या तोंडाने सांगितलंन ना?" ती म्हणाली. "म्हणजे आता खरंच बरं आहे."