धुण्याच्या दगडापाशी

आमच्या परसात धुण्याच्या दगडापाशी बोराएवढ्या टोमॅटोचं एक रानटी झाड आपलं आपण उगवलंय. साबणाचं पाणी पितं, वेडंवाकडं पसरतं आणि घोसांनी लगडतं. मला त्याचं फार कौतुक. पण नुसतं कौतुक करून स्वस्थ बसणं मला कुठलं जमायला! त्याचंच एक रोप काढून नव्या कुंडीत लावलं, भरपूर शेणखत घातलं, काठीला बांधलं, सकाळ-संध्याकाळ जाऊन पाहिलं. ते हिरवंगार वाढलं. पानंच पानं, फळ एकही नाही.

सासूबाई हसल्या. "अगं, किती विचारपूस करतेस त्याची! राहू दे की जरा एकटं."

माझ्या डोळ्यांसमोर सोळा वर्षांची लेक आली. कॉलेजातून आली की मी रोज विचारते, "काय झालं आज?" ती म्हणते, "काही नाही."

आज ती आली तेव्हा मी दगडावर बसून टोमॅटो तोडत होते. काहीच विचारलं नाही. थोड्या वेळाने ती शेजारी येऊन टेकली. एक टोमॅटो तोंडात टाकून तिने आंबटपणाने डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, आज ना कॉलेजात..."

मी मान वर केली नाही. तोडत राहिले.