बसायचं काम

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळी उमर काशीमीऱ्याच्या गॅरेजात ट्रकखाली झोपून पाना फिरवला. हात चालले तर माणूस, एवढंच मला कळायचं.

दोन हजार सालानंतरची पाचेक वर्षं गेली असतील. लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. ते माहेरी व्हायचं ही आपली रीत, पण माझी बायको आदल्या वर्षीच गेलेली. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडे बाईमाणूस नाही, आम्हीच करतो." मला ते लागलं. म्हटलं, "सव्वा महिना लेक माझ्याकडेच राहणार. एक दिवस कमी नाही."

जवळच्या मोरवा गावातल्या एक मावशी बाळंतिणींचं करायच्या, त्यांना ठरवलं. माझ्याच वयाच्या. सकाळी यायच्या, लेकीला तेल लावायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, आणि मला माझ्याच घरातून बाहेर काढायच्या. "आजोबा, जिन्यात जा. हितं तुमचं काम न्हाय." मी खाली जायचो, वर यायचो, परत खाली. आमच्या पूनम सागर सोसायटीचा वॉचमन विचारायचा, "चाचा, कुछ खो गया क्या?"

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी वर आलो तर बादलीत कपडे तसेच, आणि मावशी लेकीचे पाय मांडीवर घेऊन नुसत्या बसलेल्या. पुढच्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

"मावशी, बसायला ठेवलंय का तुम्हाला?"

"व्हय. आता बसायचंच काम हाय."

"मग उद्यापासून तुमच्या घरी बसा."

त्या भांडल्या नाहीत. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, चपला घातल्या. दारात म्हणाल्या, "पोरगी तान्ह्याकडं बगत न्हाय. दिसलं का तुमाला?"

"मला शिकवू नका," मी म्हटलं. खरं तर मला दिसलं नव्हतं.

मग सगळं मीच करायला लागलो. मऊ भात, अळिवाची खीर, लंगोट धुणं. हात थांबू दिले नाहीत. पण आता दिसत होतं. लेक भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजायची आणि पलंगाच्या पार टोकाला ठेवून द्यायची. ताटातला भात वाळून जायचा.

"जेव ना गं. तुझ्या वेळी तुझी आई..."

"आई नाहीये, बाबा."

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन, रविवारी गाडी घेऊन दोघांना न्यायला येतो. मी तावातावाने लेकीला सांगितलं, काही जायचं नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाळाला नेऊ दे त्यांना. मी इथेच राहते."

मी चपला पायात सरकवल्या. शेजारणीला लेकीजवळ बसवलं आणि रिक्षा करून मोरव्याला गेलो. मावशी ओट्यावर जवळा निवडत होत्या.

"बसा."

"बसायला नाही आलो."

"त्येच तर," त्या हसल्या.

माफी मागायची माझ्या जिभेला सवय नाही. लेक काय बोलली तेवढं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. सूप बाजूला सारलं. "चला. आदी डाक्टरीणबाईंना ह्ये सांगायचं. आनि आता जिन्यात जायाचं न्हाय तुमी."

डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या, गोळ्या दिल्या, म्हणाल्या, "हिला एकटीला ठेवू नका." मग मावशी पलंगावर बसल्या, मी खाली फरशीवर. कुकर घासायचा राहिला होता. नळाचा वॉशर बदलायचा होता. माझा गुडघा नुसता नाचत होता.

"गुडगा थांबवा," मावशी म्हणाल्या.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बऱ्याच वेळाने लेक बोलली. "बाबा, ते माझ्या हातातून पडेल असं वाटतं सारखं."

काही पडत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मावशींनी डोळे वटारले. मी तोंड मिटलं. लेक रडली, पुष्कळ रडली. ट्रकखाली इतका घाम कधी आला नव्हता.

मग नाक पुसून ती म्हणाली, "तुम्ही खालून धरा. मी वरून धरते."

बाळाखाली तिचे हात, तिच्या हातांखाली माझे. ती त्याच्याकडे बघत होती.

रविवारी गाडी आली ती रिकामी परत गेली. विहीणबाई मात्र राहिल्या. आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात निघाल्या होत्या. मीच म्हटलं, "वहिनी, आधी इथे बसा."