बाबाची नारिंगी टोपी

निवांत माणसाला किस्से होत नाहीत. तो चहा पितो, पेपर वाचतो, झोपतो. किस्से होतात माझ्यासारख्याला, ज्याचा एक पाय कायम दाराबाहेर! आमच्या शॉमबर्गच्या, म्हणजे शिकागोजवळच्या, मराठी मंडळात जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "सांग रे, ईराचं नवीन काय?" आणि मी सुरू होतो.

ईरा आमची मुलगी. तिला जन्मापासून अल्बिनिझम आहे. म्हणजे कातडी आणि केस पांढरेशुभ्र, ऊन अजिबात सोसत नाही, आणि चष्मा लावूनही लांबचं नीट दिसत नाही. तोंड मात्र खणखणीत!

*

तिच्या शाळेत टोपी घालायला बंदी होती. आता ईराला टोपीशिवाय ग्राउंडवर सोडायचं म्हणजे भाजूनच घरी आणायचं. मी आठवडाभर तयारी करून प्रिन्सिपलबाईंपुढे भाषण ठोकायला गेलो. चांगला तावातावाने बोलत होतो. तेवढ्यात मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, टेबलाखालून चिमटा काढला.

"अरे, त्यांनी केव्हाच हो म्हटलंय! तू आता भांडतोयस कोणाशी?"

*

फळा वाचायला तिला एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण मिळाली. झालं, सगळ्या वर्गाला ती हवी! माझं मात्र रोज, ती शाळेतून आली की दारातच, "बोर्ड दिसला का? सगळा दिसला का?"

एक दिवस ती वैतागली. "बाबा, बोर्ड दिसतो. मॅथ्स कळत नाही!"

*

न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतरची ती वर्षं. दाढीवाल्या सावळ्या माणसाकडे गार्ड तसेही दोनदा बघायचे. त्यात माझ्या हाताला धरलेली पांढऱ्या केसांची मुलगी मॉलमध्ये भोकाड पसरून रडत होती, कारण मी आइस्क्रीमला नाही म्हटलं होतं. गार्डनं वाकून तिला विचारलं, हा माणूस कोण?

ईरानं विचार केला. यार, चक्क विचार केला!

"ही सेज ही इज माय डॅड."

मेधा आली, तिनं पर्समधला बारशाचा फोटो दाखवला, तेव्हा सुटलो. आज मी हसून सांगतो, पण त्या दिवशी पार्किंगमध्ये मी गाडीची किल्ली मेधाच्या हातात दिली. तिला कोणी खरंच उचलून नेलं असतं तर असंच विचारायला हवं होतं, हेही कळत होतं.

*

डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे शिकागोतल्या आपल्या देशी बाजारात, दिवाळीची गर्दी. मी वांगी निवडतोय, आणि ईरा गायब! शेवटी सापडली ती पुढच्या दुकानाबाहेर, एका अनोळखी काकांचं बोट धरून. त्यांचा शर्ट माझ्यासारखाच निळा होता, आणि गर्दीत तिला माणूस नाही, रंग दिसतो. दुसऱ्याच दिवशी मी शिकारी लोक घालतात तसली भडक नारिंगी टोपी आणली. गर्दीत जायचं तर टोपी डोक्यावर, हा नियम.

पुढच्या शनिवारी शेजाऱ्यानं विचारलं, "हरणं मारायला?"

म्हटलं, "नाही, वांगी आणायला."

*

मंडळाच्या गणपतीत मुलांचं राज्याभिषेकाचं नाटक देशपांडे काकू बसवतात. दरवर्षी ईरा म्हणजे नजराणा आणणारा इंग्रज वकील! डायलॉग नाही, नुसतं सिंहासनापुढे वाकायचं. एका वर्षी तिनं सांगून टाकलं, "आय ॲम नॉट इंग्लिश. मी नाही वाकणार."

काकू हवालदिल. "अगं, मग मी आता गोरा माणूस आणू कुठून?"

शिकागोजवळ राहून!

*

शेवटी काकूंनी तिला गडाचा पहारेकरी केलं. जिला पहिल्या रांगेत बसलेली आई ओळखू येत नाही, ती गडावर पहारा देणार! काकूंनी तिच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून दिवे बाजूला वळवले, स्टेजच्या कडेला जाड पिवळी टेप लावली, ईराकडून तिथे चालण्याचा भरपूर सराव करून घेतला. मला सगळं माहीत होतं, तरी मी खुर्चीच्या कडेवरच बसलो होतो. नारिंगी टोपी अर्थातच माझ्या डोक्यावर.

पडदा उघडला. ईरा भाला घेऊन आली आणि सरळ कडेकडे चालू लागली. थांबेचना! मी उठलो. मेधानं शर्ट ओढला, तो सोडवून मी स्टेजकडे निघालो. मागून कोणीतरी "ओ, बसा की" म्हणालं.

टेपपाशी ईरा थांबली. तिनं डोळे बारीक केले आणि भाला रोखला तो थेट माझ्यावर.

"खबरदार! बाबा, खाली बस. मागच्यांना दिसत नाहीये!"